विश्लेषण : गवत कापायला पेट्रोल की बॅटरी? बोर्ली पंचतनच्या वाड्यांत हिशेब कुठे फिरतो?

पाऊस ओसरू लागला की श्रीवर्धन तालुक्यात ग्रास कटरचा आवाज सुरू होतो. बोर्ली पंचतनच्या नारळ-सुपारीच्या वाड्या, जवळच्या दिवेआगरमधील होम स्टे आणि रिसॉर्टची हिरवळ, आंबा-काजूच्या बागांमधली बेणणी, सगळीकडे काम एकच : वाढलेले गवत कापणे. आजवर हे काम खांद्यावरच्या पेट्रोल यंत्राने होत आले. आता मोबाइलवर बॅटरीच्या यंत्रांच्या जाहिराती दिसतात : धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. मग पेट्रोल यंत्राचे दिवस संपले का? आणि बदलायचे ठरले तर त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो?

या भागात गवत कापणी एवढे मोठे काम का?

रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गवत गुडघ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. ते ठेवले तर वाडीत पडलेली सुपारी सापडत नाही, सापाची भीती राहते. दसऱ्यानंतर तेच गवत वाळले की वणव्याचा धोका.

त्यात ‘निसर्ग’ चक्रीवादळाची भर पडली. 3 जून 2020 रोजी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. दाट वाडीत जमिनीवर सावली असते, त्यामुळे गवत कमी वाढते. झाडे गेली आणि ऊन थेट जमिनीवर आले की गवत फोफावते. सुपारीचे नवे रोप धरायला पाच-सात वर्षे घेते. तोपर्यंत उत्पन्न कमी आणि बेणणीचा खर्च मात्र चालू, अशी बागायतदाराची अवस्था असते. म्हणूनच तासाला किती रुपये जातात, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे.

पेट्रोल यंत्राची ताकद कशात आहे?

ताकद इंधनात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. 36 व्होल्ट आणि 5 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 0.18 युनिट. म्हणजे कागदावर एक लिटर पेट्रोल म्हणजे 50 बॅटऱ्या.

प्रत्यक्षात फरक एवढा राहत नाही. लहान इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी जेमतेम 15 ते 20 टक्केच कामात आणते, बाकीची उष्णता होऊन जाते. जुन्या रचनेच्या टू-स्ट्रोक इंजिनात तर पाव भागाच्या आसपास इंधन न जळताच धुराड्यातून बाहेर पडते. उलट बॅटरीवरची मोटर 80 टक्के किंवा त्याहून जास्त ऊर्जा वापरते. हे धरले तरी एक लिटर पेट्रोलच्या कामाला दहाएक बॅटऱ्या लागतात. शिवाय टाकी दोन मिनिटांत भरते, बॅटरी भरत नाही.

बॅटरी किती वेळ चालते?

ते गवतावर अवलंबून आहे. हिरवळीचे कोवळे गवत नायलॉन दोरीने कापताना यंत्राला साधारण 400 वॅट लागतात, असे धरू. मग 0.18 युनिटची बॅटरी 25 मिनिटांच्या आसपास चालेल. पण पडीक जागेतली जाड झुडपे पात्याने कापायला एक किलोवॅटच्या जवळपास ताकद लागते. तिथे तीच बॅटरी दहा-बारा मिनिटांत संपते.

म्हणजे तासाभराच्या हिरवळीला दोन-तीन बॅटऱ्या पुरतात. दिवसभराच्या बेणणीला मात्र चार बॅटऱ्या, जलद चार्जर आणि वाडीजवळ विजेचा पॉइंट, एवढी जमवाजमव हवी. कामावरून काढलेली बॅटरी गरम असते. ती थंड झाल्याशिवाय बहुतेक चार्जर चार्जिंग सुरूच करत नाहीत, हा वेळही धरावा लागतो.

पैशांचा हिशेब काय सांगतो?

हलक्या गवतावर पेट्रोल यंत्र तासाला सुमारे 0.4 लिटर पेट्रोल घेते असे धरू. पेट्रोल लिटरला शंभरीच्या पुढे आहे. टू-स्ट्रोकचे ऑइल मिळवून तासाला 45 रुपये होतात. बॅटरी यंत्राला त्याच कामासाठी चार्जिंगमधली गळती धरून अर्धे युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये पकडले तरी पाच रुपये. तासाला 40 रुपयांची बचत.

जाहिरात इथे थांबते. पुढचा हिशेब असा : दिवसभर काम करणाऱ्याला चार बॅटऱ्या लागल्या आणि एक बॅटरी दहा हजारांना पडली, तर 40 हजार रुपये आधी घालावे लागतात. तासाला 40 रुपये वाचत असतील तर ते फिटायला एक हजार तास लागतील. रोज चार तास आणि हंगामाचे शंभर दिवस धरले तर अडीच हंगाम.

या हजार तासांत प्रत्येक बॅटरी सुमारे साडेपाचशे वेळा चार्ज होते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण 500 ते 1000 चार्जनंतर ठळकपणे घटू लागते. म्हणजे पैसे वसूल होतात तोवर बॅटरीचे आयुष्य बरेचसे सरलेले असते. बॅटरी महाग असेल तर हिशेब तोट्यात जातो.

होम स्टेच्या मालकाचा हिशेब वेगळा. आठवड्याला तासभर काम, दोन बॅटऱ्या, घरातच प्लग. त्याच्यासाठी इंधनाच्या बचतीपेक्षा कार्बोरेटर साफ करणे आणि यंत्र सुरू करायला दोरी ओढत बसणे टळते, हाच मोठा फायदा.

ई-20 पेट्रोलचा काय संबंध?

देशात 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. चर्चा गाड्यांच्या मायलेजची झाली. ग्रास कटरच्या छोट्या इंजिनाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. अमेरिकेत तर हिरवळीच्या छोट्या इंजिनांत त्याहून जास्त इथेनॉलचे पेट्रोल वापरायला मनाई आहे.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत यंत्र दोन-तीन महिने टाकीत पेट्रोल ठेवून पडून राहिले, तर पाणी धरलेले इथेनॉल तळाला वेगळे होऊ शकते. रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पडदा खराब होतो. उपाय सोपा आहे : हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचे. ऑइल मिसळलेले पेट्रोल महिनाभरापेक्षा जास्त साठवायचे नाही.

मग वीज गेली तर?

या किनाऱ्यावर हा प्रश्न टाळता येत नाही. गवत वाढते ते पावसाळ्यात आणि वीज जाते तीही पावसाळ्यात. ‘निसर्ग’नंतर तालुक्यातील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. पडलेली झाडे कापून रस्ते मोकळे करताना आधार होता तो पेट्रोलवरच्या करवतींचा. अशा वेळी बॅटरीचे यंत्र फक्त शेवटच्या चार्जपुरते उपयोगी असते.

नेहमीच्या दोन-चार तासांच्या खंडाला घरचा इन्व्हर्टर काही प्रमाणात पुरतो. मध्यम क्षमतेच्या इन्व्हर्टरवर यंत्राच्या चार-पाच बॅटऱ्या भरता येतील, पण मग रात्रीच्या दिव्या-पंख्यांसाठी फार उरणार नाही. चार्जर नेहमी घरात, कोरड्या जागी हवा. यंत्रावर पावसाचे शिंतोडे चालतील असे लिहिलेले असले तरी ते चार्जरला लागू नसते. खाऱ्या हवेने बॅटरीच्या पट्ट्यांवर गंज चढतो, त्या कोरड्या कापडाने पुसत राहाव्या लागतात.

आवाज आणि धुराचे काय?

पेट्रोल ग्रास कटर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज अनेकदा 100 डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाजात आठ तास काम चालू शकते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. या मापाने 100 डेसिबलला दिवसाला फक्त 15 मिनिटे. प्रत्यक्षात माणूस कानात बोळेही न घालता चार-पाच तास काम करतो. त्यात यंत्राचा थरथराट आणि तोंडासमोरचा धूर. हाताला मुंग्या येणे आणि बोटे बधिर होणे ही लक्षणे सततच्या कंपनाशी जोडलेली आहेत.

धुराचा अंदाज कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने दिला आहे. पेट्रोलची हिरवळ कापणी एक तास चालली तर धुरके तयार करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे आधुनिक मोटार सुमारे 480 किलोमीटर चालवल्यावर होते. त्या राज्याने 2021 मध्ये कायदा करून अशा नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री 2024 पासून थांबवण्याचा मार्ग धरला. मात्र त्यासोबत व्यावसायिक माळीकाम करणाऱ्यांना बॅटरी यंत्रे घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलरचा निधीही ठेवला.

इथे खर्च कोण उचलणार?

खरा पेच हाच आहे. दिवेआगरला सुट्टीसाठी आलेल्या पर्यटकाला सकाळी सात वाजता यंत्राचा आवाज नको असतो. त्यामुळे शांत यंत्राची मागणी रिसॉर्टकडून येणे स्वाभाविक आहे. पण या पट्ट्यात यंत्र अनेकदा कापणाऱ्याचे असते. तो यंत्रासह मजुरी घेतो. मालकाने ‘बॅटरीचे मशीन आण’ म्हटले की 40 हजारांच्या बॅटऱ्यांचा भार मजुरावर जातो आणि शांततेचा फायदा रिसॉर्टला मिळतो.

सरकारी मदतही त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक आणि नावावर जमीन लागते. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. सातबारावर नाव नसलेला कापणीवाला वैयक्तिक अर्जातून बाहेरच राहतो. गट किंवा अवजारे बँक हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे बॅटऱ्या आणि चार्जिंगचा पॉइंट रिसॉर्टने द्यायचा आणि मजुराने काम करायचे. बॅटरी ज्याच्या प्लगवर भरते तिथेच राहिली तर मजुरावर भांडवलाचा भार येत नाही.

ऑनलाइन घेताना काय पाहावे?

• ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ अशा आकड्यांवर जाऊ नये. स्वस्त यंत्रांत बहुतेकदा पाच सेलची म्हणजे 18 ते 21 व्होल्टचीच बॅटरी असते. 18, 20 आणि 21 हे तिन्ही आकडे एकाच पाच सेलच्या बॅटरीचे असू शकतात.

• व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. तुलना याच आकड्याची करावी. 21 व्होल्ट आणि 2 अँपिअर-तास म्हणजे फक्त 42 वॅट-तास. वाडीच्या गवताला ती काही मिनिटेच पुरेल.

• सुटी बॅटरी मिळते का आणि दुरुस्ती जवळ कुठे होते, हे आधी विचारावे. बोर्लीतल्या मेकॅनिकला कार्बोरेटर उघडता येतो. बॅटरीतले सर्किट उघडणे हे वेगळे काम आहे.

• जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

• बॅटरीचे यंत्र बंद असताना आवाज करत नाही, पण बटण दाबताच फिरते. दोरी बदलताना किंवा अडकलेले गवत काढताना बॅटरी आधी बाहेर काढावी. गॉगल दोन्ही यंत्रांना हवाच.

मग निवड कशी करावी?

घराचे अंगण, होम स्टेची हिरवळ आणि तासाभरात संपणारी छोटी वाडी असेल, प्लग जवळ असेल, तर बॅटरीचे यंत्र आजही सोयीचे आहे. पडीक जमीन, डोंगरावरची बाग किंवा दिवसभराची बेणणी असेल तर पेट्रोल यंत्राला अजून पर्याय नाही. तिथे टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक इंजिन घेतल्यास धूर कमी होतो आणि पेट्रोलमध्ये ऑइलही मिसळावे लागत नाही. सुपारीच्या कोवळ्या रोपांभोवती मात्र दोन्ही यंत्रे लांबच ठेवावीत. नायलॉन दोरीने खोडाची साल सोलली जाते. तेवढ्या वीतभर जागेत विळाच बरा.

बॅटऱ्या स्वस्त होतील तसा हिशेब बदलेल. तोपर्यंत यंत्र बदलण्याची मागणी करणाऱ्याने एवढे पाहावे, की त्याचे बिल सर्वात कमी कमावणाऱ्याच्या नावावर फाटत नाही ना.