गॅस झालाय, बाकी काही नाही

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान स्वयंपाकघरात होतं आणि ते ठरलेलं असतं: गॅस. माणूस पन्नाशीतला, मधुमेहाच्या गोळ्या चालू, रात्रीचे दोन वाजलेले, घामाने बनियन भिजलेलं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, डावा हात जड पडलाय. आणि घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "संध्याकाळी पावट्याची उसळ खाल्लीत ना, तीच बाधली." मग ओवा येतो, सैंधव येतं, हिंगाचं पाणी येतं, फसफसणारी पावडर येते. शेवटी ढेकर येतो. ढेकर आला की सगळं घर लढाई जिंकल्यासारखं झोपायला जातं. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद पडलेली असली, तर तिला त्या ढेकराशी काही देणंघेणं नसतं.

मला अज्ञानाचा राग नाही. अज्ञान असतं तर समजावून सांगता आलं असतं. हे निदान करणारी मंडळी शिकलेली आहेत. मुलगा अमेरिकेत ज्या गावी राहतो तिथलं तापमान ती दिवसातून तीनदा बघतात. जानेवारीत सवलतीचं 'फुल बॉडी' पॅकेज घेऊन ऐंशी-नव्वद चाचण्या करतात आणि त्या अहवालाची फाईल देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. छातीत कळ आली की हीच फाईल ढाल म्हणून पुढे येते. "दोन महिन्यांपूर्वीच सगळं नॉर्मल होतं हो!" असेल. धमनीतला चरबीचा थर आज रात्री फाटला आणि त्यावर रक्त गोठलं, तर जानेवारीचं कोलेस्टेरॉल मध्ये पडून ते थांबवत नाही.

भारतातल्या पन्नास शहरांतल्या वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांची एक मोठी पाहणी 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये आली. मोठ्या झटक्याच्या रुग्णांपैकी निम्म्यांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. बारा तासांनंतर ते जवळजवळ निरुपयोगी. तोवर स्नायू मेलेला असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, बाकीच्या जगात एकोणसाठाव्या. म्हणजे आपल्याकडे घाई करायला कारण जास्त आणि आपणच जास्त निवांत.

त्या सहा तासांतले सगळे काही रस्त्यात जात नाहीत. बाळंतिणींच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी 1994 साली उशिराचे तीन प्रकार सांगितले होते: जायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. धडगावात झोळीतून रुग्ण डोंगर उतरवणाऱ्याला किंवा मेळघाटात गाडीची वाट बघणाऱ्याला उपदेश करायचं मला तोंड नाही. त्यांचा उशीर सरकारच्या खात्यावर मांडायचा. माझं भांडण आहे ते खिडकीतून रुग्णालयाची पाटी दिसत असूनही "सकाळी बघू" म्हणणाऱ्यांशी. त्यांचा उशीर पहिल्या प्रकारचा आहे, आणि त्याला ना घाट आडवा येतो ना नदी.

आता गडचिरोलीला या. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायांना नवजात बाळाकडे कसं बघायचं ते शिकवलं. बाळ दूध कमी ओढतंय का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय लुळे पडलेत का, अंग गार किंवा तापलेलं आहे का, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का, पोट फुगलंय का, नाळेला पू आहे का. अशी मोजकी लक्षणं, घरात बसून डोळ्यांनी दिसणारी, हाताला कळणारी. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास असले तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका. दोन महिने ते वर्षाच्या मुलाला पन्नास, वर्षाच्या पुढच्याला चाळीस. ज्या सुइणींना एवढे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधं साधन बनवलं. 1999 साली त्या कामाचे निष्कर्ष छापून आले तेव्हा एकोणचाळीस गावांतला नवजात बाळांचा मृत्युदर बासष्ट टक्क्यांनी खाली आला होता. ना अतिदक्षता विभाग, ना ऐंशी चाचण्यांचं पॅकेज. एका बाईने बाळाकडे नीट बघितलं, दिसलं ते नाकारलं नाही आणि पुढचं पाऊल उचललं, एवढंच.

एवढंच आमच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये का होत नाही? लक्षण ओळखता येत नाही म्हणून नव्हे. ते ओळखलं की काहीतरी रद्द करावं लागतं म्हणून. उद्या पुतण्याचं लग्न आहे, परवा ऑडिट आहे, तिकिटं काढली आहेत, शिवाय शेजारपाजारचे जागे होतील. आणि "उगाच गेलो, काहीच निघालं नाही, तर हसं होईल." मरणापेक्षा हसं होण्याची भीती मोठी असणारा हा समाज दुखणं अंगावर काढण्याला सहनशीलता म्हणतो आणि मयताला जमल्यावर कौतुकाने सांगतो, "कधी कुणाला त्रास दिला नाही हो त्यांनी."

त्यातही कुणाचं दुखणं मोजायचं याची उतरंड आहे. कर्त्या पुरुषाचा गॅस निदान चर्चेचा विषय तरी होतो. बाईच्या वाट्याला गॅसही येत नाही. तिला 'दगदग' होते. स्त्रियांत आणि मधुमेही माणसांत हृदयविकाराचा झटका बऱ्याचदा छातीत न दुखताच येतो. जबडा दुखतो, पाठीत भरून येतं, मळमळतं, धाप लागते, जिना चढताना कधी नव्हे एवढा थकवा येतो. तिने हे सांगितलं तर उत्तर तयार असतं: "तिला काय, रोज काहीतरी होतच असतं." राणी बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासून 1989 साली जगाला सांगितलं की त्यांतल्या ब्याण्णव टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आहे, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. ही आकडेवारी ऐकून शहरी वाचक "बिचाऱ्या खेड्यातल्या बायका" म्हणून उसासा टाकतो. त्याच्या स्वतःच्या घरात पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या आईला पुन्हा रक्त दिसतं आणि भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, "तरुण झालीस की गं!" पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी तो तपासून घ्यायचा असतो. पुष्कळदा साधं कारण निघतं. कधी गर्भाशयाचा कर्करोग निघतो, आणि तो तेव्हाच सापडला तर बहुधा बरा होतो. स्तनातल्या गाठीचंही तेच. "दुखत नाही ना, मग काही नाही." अहो, न दुखणाऱ्या गाठीचीच तर चौकशी करायची असते.

दुखण्यालाच धोक्याची खूण मानायची ही खोड आणखीही ठिकाणी नडते. गुटखा खाऊन तोंड असं आवळतं की तीन बोटं उभी आत जात नाहीत. पण दुखत नाही, म्हणून पुढची पुडी फोडली जाते. गुटख्यावरची बंदी 2012 पासून आहे, पुड्या कुठे मिळतात ते शाळकरी पोरालाही माहीत आहे. डेंग्यूत तर उलटाच खेळ. ताप होता तेव्हा घरभर धावपळ, ताप उतरला की पपईच्या पानांचा रस पाजून माणूस कामावर रवाना. खरी जोखीम बहुतेकदा ताप उतरतानाच सुरू होते. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यांतलं काही दिसलं तर प्लेटलेटचा आकडा कितीही गोजिरा असो, दवाखाना गाठायचा.

पक्षाघाताच्या बाबतीत तर आपण वेडेपणाची हद्द ओलांडली आहे. तोंड एका बाजूला ओढलं, हात उचलता येईना, शब्द जिभेवर अडखळायला लागले, की घड्याळ बघायचं. गुठळी विरघळवायला साडेचार तास असतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावं लागतं. आपण काय करतो? दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी मरत असताना कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला निरोप शोधतो: दहाही बोटं सुईने टोचा, रक्त काढा, रुग्ण उठून बसेल. कुणी कबुतराचं रक्त चोळणाऱ्याचा पत्ता काढतो. कुणी शहाणा ॲस्पिरिन भरवतो, जी हृदयाच्या झटक्यात डॉक्टरच्या सांगण्यावरून चावून खायची गोळी आहे. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तीच घात करते. हृदयविकारासाठीचा निरोप वेगळा: जोरजोरात खोका, झटका परतून जाईल. असले निरोप पाठवणाऱ्या काकांच्या प्रोफाईलवर सूर्यफुलं असतात म्हणून त्यांना कुणी काही बोलत नाही. मी बोलतो. ग्रुपमधून दोनदा काढला गेलो आहे.

"पण डॉक्टर लुटतात त्याचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. एकदा आत गेलं की पिशवी रिकामी झाल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, ही भीती लोकांनी स्वप्नात पाहिलेली नाही. स्टेंटच्या किमतींवर 2017 साली सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली, ती कुणाच्या औदार्याची पावती नव्हती. रुग्ण पाठवल्याबद्दल पाकीट पोचवणारे आणि घेणारे दोघेही 'कट' हा शब्द मराठी असल्यासारखा वापरतात. वैद्यकीय व्यवसायाने विश्वास घालवला आणि त्याची किंमत रात्री दोन वाजता घाम पुसत बसलेला माणूस मोजतो, हे मान्य. पण संशय कुठे खर्च करायचा ते तरी कळू द्या. गुडघा बदलायचा सल्ला मिळाला तर खुशाल चार डॉक्टरांना विचारा. गुडघा पळून जात नाही. छातीवर दडपण आणि घाम यांना दुसऱ्या मताची सवड नसते. ईसीजी सरकारी रुग्णालयातही निघतो. तो एकदा नॉर्मल आला म्हणून पट्टी खिशात घालून घरी यायचं नसतं, हेही तिथेच सांगतात. झटक्याच्या सुरुवातीला पट्टी साफ कोरी दिसू शकते; काही वेळाने ती पुन्हा काढावी लागते, रक्तातलं ट्रोपोनिन तपासावं लागतं.

आणि रुग्णालयात जायचं म्हणजे लिफ्ट बंद म्हणून चार जिने उतरून स्कूटरला किक मारत जायचं नव्हे. आमच्याकडे याला धीराचा माणूस म्हणतात. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिका आल्या, फुकट, आत डॉक्टर असलेल्या. कुठे त्या वेळेवर येत नाहीत, त्याबद्दल आरडाओरडा जरूर करा. पण आधी फोन तर लावा.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एका पानावर लिहून नेलं होतं. दोन तास पार्किंगवर झाले. मग मी विचारलं की स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं बसत नाही, तर निदान घडीची खुर्ची घेऊ या का, आणि हे पान लिफ्टमध्ये लावू या का. खुर्ची पुढच्या सभेवर ढकलली. पान लावायला मंजुरी मिळाली. आठवड्याने ते गायब. विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, सकाळी सकाळी देवदर्शनाला निघताना असलं अभद्र वाचायला लागतं, तक्रारी आल्या." त्या जागी आता कोजागरीच्या मसाला दुधाची वर्गणी लावली आहे, आणि खाली सूचना आहे: ज्यांना पित्ताचा त्रास होतो त्यांनी आधी कळवावे.