डेमो कुणाच्या बोटाने?

"मी गोरेगावचा" असं म्हटलं की पुण्यामुंबईतला समोरचा माणूस लगेच विचारतो, "ईस्ट की वेस्ट?" मंडळी, आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. तिथे लोकल येत नाही, एसटी येते. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता रागही येत नाही.

पण गेल्या आठवड्यात राग आला, आणि तो वेगळ्याच कारणाने. कॉलेजातल्या एका ज्युनिअरने त्याचा फायनल इयरचा प्रोजेक्ट नजर टाकायला पाठवला. विषय इंटरॲक्शन डिझाईन, ग्रामीण भागासाठी ॲप. दुसऱ्याच स्लाईडवर 'पर्सोना': रामभाऊ, वय ४५, शेतकरी, टेक्नॉलॉजीची भीती वाटते. शेजारी इंटरनेटवरून उचललेला फेटेवाल्या आजोबांचा फोटो, जे कुठूनही सत्तरच्या खाली वाटत नव्हते. मी विचारलं, "हे रामभाऊ तुला भेटले कुठे?" तर म्हणाला, "दादा, ते इमॅजिनरी आहेत. चालतं की."

चालतं! या एका शब्दासाठी हा वीकेंड खर्ची घालतोय.

खरं तर त्याला बोलायचा मला काही अधिकार नाही. २०१९ साली मी नेमकं हेच केलं होतं. आम्ही चौघांनी हळदीच्या भावाचं ॲप बनवलं. आमचा भाग हळदीचा, हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात, तेव्हा विषय 'आपला' होता. ईमेल टाकून लॉगिन, मग डॅशबोर्ड, मग तीन रंगांतला ग्राफ. HCI, म्हणजे माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या देवाणघेवाणीचा विषय, आम्हाला रीतसर होता. डोनाल्ड नॉर्मनच्या १९८८ च्या पुस्तकातली ती ढकलायचं की ओढायचं कळत नाही अशा दाराची गोष्ट पाठ. जेकब नीलसनचे दहा नियम पाठ. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, अल्गोरिदम कोणता, डेटाबेस कोणता. मी माझ्या फोनवर, माझ्या बोटाने, सटासट तीन स्क्रीन फिरवून दाखवल्या. "गुड" म्हणाले. मार्क नव्वदच्या वर.

जूनमध्ये घरी गेलो आणि मोठ्या थाटात ॲप बाबांच्या हातात दिलं.

पहिल्या स्क्रीनवर ईमेल. बाबांना ईमेल नाही. मग माझाच टाकला. नंतर नेटवर्क नीट नसल्याने ते गोल चक्र. बाबा म्हणाले, "हे नुसतं फिरूच लालंय की." शेवटी उघडलं. बाबांचा अंगठा शेतातल्या कामाने चिरलेला, ते बटण जोर लावून दाबून धरायचे, आणि फोन त्याला 'लाँग प्रेस' समजून भलताच मेनू उघडायचा. आमच्या चौघांच्या मऊ बोटांना हे चार महिन्यांत एकदाही झालं नव्हतं. मग ग्राफ आला. बाबांनी फोन आडवा केला, उभा केला, आणि विचारलं, "कोणत्या हळदीचा भाव हा? कांडीचा का गट्टूचा?"

आमच्या ॲपमध्ये नुसती 'हळद' होती. कांडी वेगळी, गट्टू वेगळा, दोन्हींचे भाव वेगळे, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्याच घरातली गोष्ट! पण लॅपटॉपसमोर बसल्यावर आठवली नाही. कारण तिथे बाबा नव्हते, इमॅजिनरी रामभाऊ होते, आणि रामभाऊ कधी उलट प्रश्न विचारत नाहीत.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही.

बाजार समिती दिवसाचे तीन भाव देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. आम्ही त्यातला कमाल भाव सगळ्यात मोठ्या अक्षरात टाकला होता. का? तर आकडा मोठा असला की स्क्रीन भारी दिसते. बस्स, एवढंच कारण. काकांनी माझ्याकडून ते ॲप कौतुकाने घेतलं, "पोराने केलंय" म्हणून चार जणांना दाखवलं, तो मोठा आकडा बघितला, टेम्पो सांगितला आणि माल बाजारात नेला. कमाल भाव म्हणजे त्या दिवशी एखाद्या उत्तम ढिगाला मिळालेला भाव. काकांच्या मालाला त्याच्या बराच खाली मिळाला. परत आणायचं तर पुन्हा टेम्पोचं भाडं, म्हणून तिथेच देऊन आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. "बाजार पडला आज" एवढंच म्हणाले. बाजार पडला नव्हता. आमची स्क्रीन खोटं बोलली होती, आणि तिला नव्वदच्या वर मार्क होते.

आता मुद्द्यावर येतो. इंटरॲक्शन डिझाईन हा विषय प्रोजेक्ट करूनच शिकता येतो, हे सगळेच म्हणतात. मी म्हणतो, तेवढं पुरेसं नाही. ज्या प्रोजेक्टचा डेमो बनवणाऱ्याच्याच बोटाने होतो, तो इंटरॲक्शन डिझाईनचा प्रोजेक्टच नव्हे. ते चित्रकलेचं प्रदर्शन आहे. फिगमात सुंदर स्क्रीन काढा, प्रसिद्ध ॲपचं 'रीडिझाईन' करा, खाली केस स्टडी लिहा... आणि या सगळ्यात एकही माणूस तुमच्यासमोर अडला नसेल, तर तुम्ही शिकलात काय? रंग जुळवायला शिकलात.

उलट उदाहरण बघायला परदेशात जायची गरज नाही. मतदान यंत्र घ्या. (त्याच्यावरून चालणारं राजकारण इथे नको, मी फक्त बटणाबद्दल बोलतोय. :) ) यंत्र बीईएल आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्या बनवतात, पण त्याच्या डिझाईनचं काम आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केलं. आयडीसी ही डिझाईन शिकवणारी संस्था १९६९ पासून पवईत आहे. २००४ च्या लोकसभेला अख्ख्या देशाने या यंत्रावर मतदान केलं. एका युनिटवर जास्तीत जास्त १६ नावं. नावासमोर चिन्ह, चिन्हासमोर निळं बटण. दाबलं की लाल दिवा लागतो, बीप वाजतो. आता तर सात सेकंद चिठ्ठीही दिसते. आमच्या गावातली कधी शाळेत न गेलेली आजीसुद्धा आत जाते आणि काम उरकून बाहेर येते.

याचं मर्म कशात आहे? मतदान गुप्त असतं. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे "आजी, इथे नाही, तिथे दाबा" सांगायला इंजिनिअर उभा राहू शकत नाही. वस्तूने स्वतःच सगळं सांगायचं. व्हायवात नेमकं उलटं होतं: वस्तू गप्प, आणि आम्ही अखंड बोलतो.

दुसरं उदाहरण त्याच आयडीसीचं, 'स्वरचक्र' नावाचा मोबाईल कीबोर्ड, २०१३ सालचा. इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरं कोंबायच्या ऐवजी त्यांनी क ख ग घ ङ ही आपण शाळेत शिकलेली वर्णमालाच मांडली. क वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. माणसाच्या डोक्यात आधीच असलेल्या गोष्टीवर डिझाईन उभं केलं. आम्ही बाबांच्या डोक्यातली कांडी आणि गट्टू काढून टाकले आणि वर ईमेल मागितला.

तुम्ही म्हणाल, कॉलेजात एवढा वेळ कुठे असतो? एकेका गाईडकडे डझनभर ग्रुप, वर सेमिस्टरची मारामार. मान्य, शिक्षकांची ओढाताण मी डोळ्यांनी बघितली आहे. पण वेळ किती लागतो ते सांगतो. नीलसनने २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक चुका बाहेर पडतात. पाच माणसं! कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन, मेसच्या मावशी, झेरॉक्सवाले काका, इथेच तीन झाली. एक दुपार पुरते.

काही जण म्हणतात, लोकांना ट्रेनिंग दिलं की जमतं. हो, जमतं. पण मग 'युजर फ्रेंडली' लिहू नका, 'युजरला वळण लावणारं' असं लिहा. आणि सगळ्यात आवडतं उत्तर: "कंपनीत पोर्टफोलिओ बघतात, रामभाऊ कोण विचारतो?" मी कंपनीतच आहे हो. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी सपोर्टच्या तिकिटांमधून रामभाऊच विचारतात. तेव्हा दुरुस्ती महाग पडते, एवढाच काय तो फरक.

त्या जूनमध्ये मी लाजेने का होईना, पुन्हा बसलो. या वेळी कोड नाही. कागदावर पेनाने स्क्रीन काढल्या आणि बाबा, काका, आई, शेजारचे दोघं यांच्यासमोर ठेवल्या. स्वतःला एकच नियम घातला: तोंड उघडायचं नाही. फार अवघड असतं ते. समोरचा चुकीच्या जागी बोट ठेवतो आणि आपली जीभ वळवळते. चार दिवसांत कळलं की ग्राफ कुणालाच नको. आधी तारीख आणि बाजाराचं नाव हवं, नाहीतर आकड्यावर विश्वासच बसत नाही. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. सर्वसाधारण भाव मोठा, कमाल बारीक. आणि कालच्यापेक्षा वाढला की पडला. आई म्हणाली, "एवढंच असल तर मेसेज कर की रोज." बरोबर होतं तिचं. ॲप लागतच नव्हतं. तो हंगामभर मी रोज संध्याकाळी चार ओळींचा मेसेज पाठवला. माझा खरा फायनल प्रोजेक्ट तो. त्याला मार्क नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. व्हायवाला परीक्षकांनी गप्प बसावं, मुलांनीही गप्प बसावं, आणि ती वस्तू आधी कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्यावी. तो अडला म्हणून मार्क कापू नका, अडणारच. तो कुठे अडला आणि मग तुम्ही काय बदललं, याला निम्मे मार्क द्या. पर्सोनाचा फोटो इंटरनेटवरचा असेल तर सरळ शून्य.

असो. ज्युनिअरला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "दादा, सबमिशन पंधरा तारखेला आहे." मी म्हटलं, मग या रविवारी गोरेगावला ये. फोन घेऊन ये, आणि कागद-पेनही आण. पाच माणसं मी पारावर गोळा करून देतो, त्यात काकापण असतील. फक्त तिकीट काढताना ईस्ट-वेस्ट विचारू नकोस.