आपा, शोभायचं कुणाला?

लाखनीत गेली १९ वर्षं मी बायकांचे कपडे शिवते. सलवार-कुर्ते, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, साडीचं फॉल-पिको आणि बुरखे, सगळं एकाच टेबलावर कापलं जातं. त्यामुळे कपड्यांवर बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजते. सुरुवात मात्र माझ्याच चुकीपासून करते.

मागच्या रमजानआधी कॉलेजात शिकणारी एक मुलगी राणी रंगाचं कापड घेऊन आली. माप घेता घेता मी सवयीने बोलून गेले, "बेटा, हा रंग गोऱ्या मुलींना शोभतो. तू फिका घे." ती म्हणाली, "आपा, शोभायचं कुणाला? घालणार तर मी आहे." वर तिने दोन खोल खिसे सांगितले, मनगटापर्यंत बाही सांगितली आणि हिजाबासाठी त्याच कापडातून ओढणी काढायला लावली. मी कापड कापलं, पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

सावळ्या मुलीने राणी रंग घालू नये, हे मला कोणी शिकवलं? जाड बाईने आडव्या रेषा घालू नयेत, चाळिशीनंतर भडक नको, विधवेने हिरवं नको, हे सगळं मी १९ वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले. कोणी विचारलं असतं तर एकाही नियमाचं कारण मला देता आलं नसतं. बाजाराचं तर त्याहून पुढे. एका ईदला सगळ्यांना शरारा हवा, पुढच्या ईदला तोच शरारा जुना. मुली मोबाइलवर फोटो दाखवतात, "असंच पाहिजे." फोटोतली बाई एसीत उभी असते. आमच्याकडे मे महिन्यात ऊन ४५ अंशांपर्यंत जातं आणि एसटीची वाट रस्त्यावर उभं राहून पाहावी लागते.

बाईच्या कपड्यांचे नियम सांगणारे तीन जण आहेत: बाजार, मोहल्ला आणि कायदा-कचेरीवाले. तिघांचं आपसात पटत नाही. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत आहे. जिला कपडा घालायचा आहे तिला विचारायचं नाही.

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. तिथे हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, सगळ्यावर बंदी आली. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २६ जून २०२४ ला हरल्या. लगेच पुढच्या सूचनेत फाटक्या जीन्स आणि टी-शर्टही बंद झाले. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरच्या बंदीला स्थगिती दिली आणि विचारलं, उद्या टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का? वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. त्या नऊ मुलींच्या बाजूने मी तेव्हा होते, आजही आहे. डोक्यावरच्या रुमालामुळे मुलीचा वर्ग बुडवणारी शिस्त ही शिस्त नव्हे.

आमच्याकडेही तेव्हा निषेधाचं निवेदन निघालं. मी म्हटलं, त्यात एक वाक्य घाला: "आमच्या मोहल्ल्यात ओढणी न घेणाऱ्या मुलीला कोणी टोकणार नाही, तिच्या घरी तक्रार नेणार नाही." बैठकीत शांतता पसरली. मग एक जण म्हणाले, "आपा, बात सही है, पण आत्ता ती वेळ नाही." वाक्य गळलं. मी तरीही सही केली. गेले कित्येक महिने ती सही मला टोचते, म्हणून हे लिहिते आहे.

ती वेळ कधी येणार? बाहेर हल्ला चालू असताना घरातलं बोलायचं नाही आणि हल्ला थांबल्यावर विषय कशाला काढता, असं विचारायचं. संविधानाचं कलम २५ आपल्याला तोंडपाठ आहे. पण कलम १९ आणि २१ त्याच पुस्तकात आहेत. माणसाचा पोशाख हा त्याच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या नाल्सा खटल्यात सांगितलं. तो हक्क हिजाब घेणारीचा आहे, तसाच न घेणारीचाही आहे. आपल्याला पाहिजे तेवढाच कापून घ्यायला हक्क म्हणजे काही थानातलं कापड नाही.

कोणी म्हणेल, आमच्या मुली स्वखुशीने घेतात. बऱ्याच घेतात, मी माप घेते तेव्हा मला दिसतं. पण माझ्याकडे असेही बुरखे शिवायला येतात, ज्यांची लांबी भाऊ सांगतो आणि बहीण भिंतीकडे बघत उभी असते. खुशी ओळखायची माझी एकच कसोटी आहे. उद्या तिने उलटं ठरवलं, तर तिचं कॉलेज सुटेल का? सुटत नसेल तर ती तिची निवड. सुटत असेल तर ती सक्ती, मग ती प्राचार्यांची असो की अब्बांची.

इराणने दोन्ही करून पाहिलं. १९३६ मध्ये रझा शाहच्या पोलिसांनी रस्त्यात बायकांच्या चादरी ओढल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशात डोकं झाकण्याची सक्ती आली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. सत्ता बदलली, हुकूम उलटा झाला, पण बाईच्या डोक्यावरचा पोलिसाचा हात काही हटला नाही.

"आपली परंपरा" म्हणून जे सांगतात, त्यांनी माझ्या नानीला पाहिलं नाही. ती सुती साडी नेसायची, डोक्यावर पदर. रोवणीला साडी वर खोचून गुडघाभर चिखलात उतरायची. लग्नाकार्यासाठी तिच्याकडे एकच कोशाची साडी होती, आपल्या जिल्ह्यातल्या विणकराच्या हातची, करवती काठाची. पाच वेळची नमाज तिने कधी चुकवली नाही. आज निदाचा काळा अबाया तेवढा मुसलमानी आणि साडी परक्यांची, असं सांगणारे तिला कुठे बसवतील? आणि सांगणारे तरी कोण? फाटकी जीन्स घातलेली, कानाशेजारी केस कोरलेली आमचीच पोरं. नजर खाली ठेवण्याचा हुकूम कुराणात आधी पुरुषांना आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, ज्या नेसणीवरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती नेसण आणि ते दागिने टाका. ते फॅशन शिकवत नव्हते. दुसऱ्याने अंगावर चढवलेली खूण उतरवायला सांगत होते. आज कोणी आपल्या मुलींची खूण जबरदस्तीने उतरवतो, कोणी जबरदस्तीने चढवतो. दोन्हीकडे मुलगी नुसती खुंटी होते, कपडे टांगायची.

मी माझ्यापुरता बदल केला आहे. माप घेताना आता तीनच गोष्टी विचारते: कुठे जातेस, काय काम करतेस, तुला काय आवडतं. गोऱ्या-सावळ्याचं बोलत नाही. भाऊ लांबी सांगायला लागला की म्हणते, "बेटा, तू बाहेर थांब, माप तिचं आहे." एक-दोन गिऱ्हाइकं गेली. काळा बुरखा मागणारीला मी तो तितक्याच मनापासून शिवून देते, टिप जरासुद्धा वाकडी जाऊ देत नाही. गंमत म्हणजे विचारायला लागल्यापासून सगळ्यात जास्त मागणी खिशांची येते. तो नियम कुठल्याच फॅशनवाल्याने आणि कुठल्याच मौलानाने सांगितलेला नव्हता.

आता आपल्या चळवळीकडे एकच मागणं. पुढचं निवेदन निघेल तेव्हा ते गळलेलं वाक्य पहिल्या परिच्छेदात घाला. हिजाबसाठी वर्गाबाहेर काढलेल्या मुलीच्या बाजूने आपण उभे राहू. तसंच हिजाब काढला म्हणून घरात कोंडलेल्या मुलीच्या बाजूनेही, त्याच कागदावर, त्याच सह्यांनी. पहिली सही माझी घ्या. ते वाक्य नसेल, तर या वेळी माझ्याकडे कागद आणू नका.