बसचं मनोगत आणि कापलेले चार गुण



मागच्या महिन्यात नववीला निबंध दिला होता: 'मी डबल डेकर बस बोलतेय'. आत्मवृत्त हा आपल्या सगळ्यांचा हातखंडा प्रकार. जुनी छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, पडका वाडा बोलतो. बोलणारा बदलतो, शेवट मात्र तोच राहतो. ४१ वह्या तपासल्या. त्यांतल्या तीसेक वह्यांत बस कोपऱ्यात पडून होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि ती 'मला विसरू नका' असं म्हणत होती. गाईडमधला छत्रीचा शेवट मुलांनी उचलून बसला लावला होता. मुलांना काय दोष द्यायचा? हा शेवट आम्हीच फळ्यावर लिहून देतो.

एका मुलाची वही वेगळी होती. त्याच्या बसला रडूच येत नव्हतं. त्यानं लिहिलं होतं (शुद्धलेखन मी सुधारलंय, भाषा त्याचीच आहे): "मला तोडायला नेली की आधी बॅटरी काढतात. मग टायर, सीटा, काचा. मग गॅस कटरने पत्रा कापतात. इंजिन वेगळं विकतात. चासी शेवटी. पण माझे पप्पा बोलतात, चासी चांगली असली तर गाडी मेली नाय."

मी त्याला ८ पैकी ४ गुण दिले आणि खाली लाल पेनाने शेरा मारला, 'भावना नाहीत. शेवट अपूर्ण.'

तो शेरा मला आठवडाभर टोचत राहिला. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

आधी बसविषयी थोडं, कारण विषय देताना मी स्वतः किती वरवर माहिती काढली होती ते नंतर लक्षात आलं. मुंबईत बेस्टची डबल डेकर १९३७ साली सुरू झाली. १९९० च्या सुमारास अशा सुमारे ९०० गाड्या रस्त्यावर होत्या. मग खर्च परवडेना. खाली एक आणि वर एक असे दोन कंडक्टर लागायचे. २००८ नंतर नव्या घेणं बंद झालं. सरकारी बसचं आयुष्य १५ वर्षं धरतात, ते भरत गेलं आणि १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची जुनी डबल डेकर धावली. मार्ग ४१५, अंधेरी पूर्वेचा आगरकर चौक ते सीप्झ. लोकांनी तिला हार घातले, फुगे लावले. उघड्या छपराची पर्यटकांची गाडीही त्याच वर्षी ऑक्टोबरात बंद झाली. निदान दोन गाड्या बेस्टच्या आणिक आगारातल्या संग्रहालयात जपाव्यात, अशी मागणी प्रवासी आणि बसप्रेमींनी तेव्हा केली होती. नव्या वातानुकूलित इलेक्ट्रिक डबल डेकर त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ पासून धावू लागल्या होत्या. म्हणजे दुमजली बस संपलेली नाही. संपली ती जुनी, खिडकीतून वारा येणारी.

आता कुणी म्हणेल, बोईसरच्या पोरांना याचं काय? आमच्या वर्गातली अर्धी मुलं मुंबईला गेलीत ती डहाणू लोकलने, नातेवाइकांकडे नाहीतर दवाखान्यात. डबल डेकर त्यांनी सिनेमात बघितलेली. खरं सांगायचं तर मलाही लहानपणी 'डबल डेकर' म्हटलं की बस आठवायची नाही, फ्लाईंग राणी आठवायची. पालघरला थांबणारी सुरत-मुंबई गाडी, १९७९ पासून तिला दुमजली डबे होते. खालच्या मजल्यावर बसलं की फलाट डोळ्यांच्या पातळीला यायचा आणि खिडकीतून नुसते पाय दिसायचे. चपला, बूट, कोळणींच्या टोपल्यांचे बूड. वर जागा मिळाली तर राजाच! ते डबेही जुलै २०२३ मध्ये काढले आणि नवे आले. नवे डबे चांगले आहेत, सुरक्षितही आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन-तीन महिन्यांच्या आत दोन्ही दुमजली गेल्या आणि आमच्या शाळेत त्यावर एका ओळीची चर्चा झाली नाही. दोन वर्षांनी मी निबंध दिला, तोही रडका.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या वस्तूंबद्दल आपण मुलांना हळहळायला शिकवतो, दुरुस्त करायला शिकवत नाही. आणि जुनी बस 'जपणे' याचा अर्थही आपण फार स्वस्त करून ठेवलाय. रंग मारायचा, चौकात उभी करायची, समोर 'आय लव्ह' अमुक असं लिहायचं, लोक सेल्फी काढतात. तीन पावसाळ्यांत तळ गंजतो. ज्यांनी मुंबईची ट्राम बघितली नाही त्यांनी सीएसएमटीजवळच्या भाटिया बागेत जावं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. २०२१ मध्ये आठवण म्हणून बागेत ट्रामचा डबा ठेवला, तो कोलकात्याहून आणावा लागला. आपल्या शहराच्या ट्रामची आठवण दुसऱ्या शहराच्या डब्यावर!

दुरुस्ती म्हणजे काय ते मला त्या मुलाच्या वडिलांनी सांगितलं. ते महामार्गावर मस्तान नाक्याच्या बाजूला ट्रकच्या बॉडीचं काम करतात, डेंटिंग-पेंटिंग. पालकसभेनंतर ते थांबले आणि विचारलं, "बाई, पोराला ते मीच सांगितलं होतं. चुकलं का?" मला काय बोलावं कळेना. मग मीच विचारलं, समजा तुम्हाला एक जुनी डबल डेकर दिली, तर सुरुवात कुठून कराल? मला वाटलं, रंगापासून म्हणतील.

"खोलायची घाई नाय करायची," ते म्हणाले. "आधी फोटो काढायचे, चारी बाजूंनी. काय कुठं लावलंय ते लिहायचं. बोल्टसुद्धा डब्यात, डब्यावर नाव. नायतर जोडताना बोंब. मग खाली झोपायचं आणि चासीला हातोडी मारत जायचं. टण् वाजलं तर लोखंड, भद् वाजलं तर गंज."

पुढची वीस मिनिटं मी उभ्यानेच ऐकलं. बंद पडलेलं इंजिन लगेच स्टार्टर मारून सुरू करायला जायचं नाही, आतले पिस्टन चिकटलेले असतात. सिलिंडरमध्ये तेल सोडून दोन-चार दिवस ठेवायचं आणि मग हाताने फिरवून बघायचं. रबरी नळ्या, ब्रेकचे लायनर, वायरिंग ही कितीही चांगली दिसली तरी जुनी ठेवायची नाहीत. तिथे जीव अडकलेला असतो. पत्रा मात्र जितका वाचेल तितका वाचवायचा. कुजलेला भाग कापायचा आणि त्याच मापाचा तुकडा जोडायचा. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर थेट ठोकायचा नाही, मध्ये रंगाचा किंवा पट्टीचा थर हवा. "नायतर आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पत्रा पावडर होतो."

मंडळी, हे दहावीचं विज्ञान आहे. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे विद्युत घट तयार झाला आणि जास्त क्रियाशील धातू झिजला. क्षरण हा धडा आपण खिळा आणि परीक्षानळी घेऊन शिकवतो. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर ज्याच्या घराची खिडकी गंजली नाही असा विद्यार्थी दाखवा! तरी आम्ही खिळाच दाखवतो.

तसंच गुरुत्वमध्याचं. डबल डेकरमध्ये वर उभं राहू देत नसत, का? गाडीचं जड सगळं खाली असतं, चासी, इंजिन, चाकं. वर नुसता हलका सांगाडा. लंडनमध्ये दुमजली बसची चाचणी घेताना वरच्या मजल्यावर माणसांइतकं वजन ठेवून ती २८ अंशांपर्यंत कलवतात, आणि ती उलटता कामा नये. वर माणसं उभी राहिली की हा गुरुत्वमध्य वर सरकतो. म्हणून दुरुस्तीत 'जाऊ दे, वर जाड पत्रा टाकू, मजबूत होईल' असं चालत नाही. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा ही गोष्ट मुलांच्या लक्षात राहील, असं मला वाटतं.

आणि भाषा? बेस्टच्या गाडीवर समोर मार्गाचा आकडा देवनागरीत असायचा. आज माझ्या नववीतल्या कितीतरी मुलांना ४ आणि ५ पटकन वाचता येत नाहीत, ती 'फोर-फाइव्ह' करत बसतात. एकदा टण् म्हणजे थांबा, दोनदा टण्-टण् म्हणजे चला. ही घंटेची भाषा एसटीतही आहे, मुलांना ती माहीत आहे, पण ती 'भाषा' आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. अशा गाडीत तिचा आवाज, तिची पाटी, तिकिटाचा पंच हे सगळं पुन्हा बसवायचं तर कुणाला तरी विचारावं लागेल. निवृत्त कंडक्टर, ड्रायव्हर, वर्कशॉपचे मिस्त्री. ती माणसं अजून आहेत. आणखी पंधरा वर्षांनी कुणाला विचारणार?

याच पालकसभेत एका पालकाने मला चांगलंच सुनावलं, तेही सांगते. मी डबल डेकरचं बोलत होते, ते म्हणाले, "मॅडम, आमच्या पाड्यावरून शाळेत यायला गाडी नाही. पोरी रिक्षाला लटकून येतात. तुम्ही मुंबईची मेलेली बस कशाला जिवंत करताय?" सभा गप्प झाली. उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि त्यांचं चुकीचंही नव्हतं. जुन्या बसवरचा रुपया जर चालत्या बसच्या तोंडचा काढायचा असेल तर तो काढू नये, हे माझंही मत आहे. पण मी नंतर वर्गात गणित घातलं. समजा एका दुमजली बसमध्ये ७५ माणसं, एका रिक्षात ३. तीच माणसं न्यायला रिक्षा किती? २५. आता या २५ रिक्षा बोईसर स्टेशनबाहेर एकामागे एक उभ्या करून बघा. मुलं हसायला लागली, कारण ते दृश्य त्यांना रोज दिसतं. एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आपल्याकडे का नाही अशी बस?" त्या पालकांचाच प्रश्न होता तो, फक्त तो आता तिचा झाला होता. चांगल्या गाडीची आठवण असणारा माणूसच चांगली गाडी मागतो. ज्याने ती बघितलीच नाही तो लटकून जाणं हेच प्रवासाचं नाव समजतो.

लंडनचं उदाहरण देते. तिथल्या ट्रान्सपोर्ट म्युझियमने १९१४ च्या सुमाराची एक बी-टाइप दुमजली बस २०१४ मध्ये पुन्हा धावती केली आणि फ्रान्स-बेल्जियमच्या जुन्या रणभूमीपर्यंत चालवत नेली. पहिल्या महायुद्धात अशा शेकडो बसगाड्या सैनिकांची ने-आण करायला गेल्या होत्या. शंभर वर्षांची गाडी! त्यांच्याकडे पैसा आहे, हे मान्य. पण कारागीर आपल्याकडे कमी आहेत का? आपल्या एसटीच्याच दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं जुन्या चासीवर नवी बॉडी चढत आलीय. तारापूर एमआयडीसीत वेल्डर, फिटर, टर्नर किती आहेत ते सकाळच्या शिफ्टला बोईसर स्टेशनवर उभं राहून मोजावं. आयटीआयची मुलं सरावासाठी लोखंडाचे तुकडे जोडतात आणि परत कापतात. त्यांना एक खरी गाडी का देऊ नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जुन्या डबल डेकरपैकी जी शिल्लक असेल ती धावती ठेवा. रोज नको, वर्षातून चार दिवस पुरे. तिचं हॉटेल करू नका, वाचनालयही करू नका. (वाचनालयाला माझा विरोध नाही हो, पण त्याला खोली द्या.) काम चालू असताना शाळांना बघू द्या. पूर्ण झालेली चकचकीत बस बघण्यापेक्षा उघडी पडलेली, अर्धी जोडलेली बस बघण्यात जास्त शिकणं आहे.

आणि आपल्याकडून? सहल काढायची तर वॉटर पार्कच्या यादीत आणिक आगाराचं संग्रहालय एकदा घाला. ते जमत नसेल तर जवळचा एसटी डेपो आहे. परवानगी काढावी लागते, पत्र द्यावं लागतं, पण आम्हाला नाही म्हणालेले नाहीत. आगारातल्या मेकॅनिकला दहा मिनिटं बोलू द्या आणि मध्ये आपण बोलू नका. हे शेवटचं मी स्वतःलाही सांगतेय.

त्या मुलाची वही मी परत मागून घेतली. शेरा खोडला, ४ चे ७ केले. आठवा गुण शुद्धलेखनाचा होता, तो नाही दिला. येत्या शनिवारी त्याचे वडील वर्गात येणार आहेत. आधी "मला काय बोलता येतं?" म्हणून तयार नव्हते. मग म्हणाले, बोलणार नाही, पण एक गंजलेला पत्रा आणि हातोडी घेऊन येतो. वर्गाच्या फरशीला काय होईल या काळजीने मुख्याध्यापकांनी खाली गोणपाट टाकायला सांगितलंय.