आंबोलीचा खून आणि बचावाचा हक्क

अंधेरी पश्चिमेच्या आंबोली भागात २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री एका उपाहारगृहाबाहेर दोन तरुणांवर टोळीने शस्त्रांनी हल्ला केला. सोबतच्या मुलींची छेड काढणाऱ्या इसमाला त्यांनी हटकले होते. तो निघून गेला आणि थोड्या वेळाने साथीदार घेऊन परतला. दोघांपैकी एकाचा लगेच मृत्यू झाला, दुसऱ्याचा ३१ ऑक्टोबरला. कीनन-रूबेन या नावाने हे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. मे २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने चौघांना जन्मठेप दिली. परंतु त्या रात्री रस्त्यावरची माणसे पुढे का आली नाहीत, हा प्रश्न निकालानेही सुटला नाही. त्याचे उत्तर केवळ भित्रेपणात शोधणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. आपल्या मध्यमवर्गाला सुऱ्याइतकेच भय पोलीस ठाण्याचे असते. मारामारीत हात घातला आणि कोणी दगावला, तर आपलीही गणना टोळीत होईल, ही ती धास्ती.

ती सर्वस्वी निराधार नाही. जुन्या दंड संहितेचे कलम १४९, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १९०, असे सांगते की पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदेशीर जमावाने समान उद्देशासाठी केलेल्या गुन्ह्याला त्यातील प्रत्येकजण जबाबदार असतो. प्राणघातक घाव कोणाचा, हे सिद्ध करण्याची गरज उरत नाही. मात्र याच संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात, आणि तो परक्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुब्रमणी खटल्यात स्पष्ट केले की, बचावाचा हक्क बजावणाऱ्यांचा समूह बेकायदेशीर जमाव ठरत नाही. त्यातील एखाद्याने मर्यादा ओलांडली, तर त्याचा जाब त्याच्या एकट्याकडेच मागितला जातो.

मग न्यायालय वजन करते ते कशाचे? शस्त्र घेऊन कोण कोणाकडे आला, जखमा कोणाच्या अंगावर आहेत आणि धोका कोणत्या क्षणी संपला, याचे. हा हक्क धोक्याच्या भीतीबरोबर जन्मतो आणि तिच्याबरोबरच संपतो. म्हणूनच निघून जाऊन सुरे घेऊन परतणाऱ्याला बचावाची भाषा बोलता येत नाही. याउलट, छेडछाड रोखणाऱ्याला बळ वापरता येते. परंतु जीव घेण्यापर्यंतचा हक्क त्याला मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार अशा कलम ३८ मधील धोक्यांतच मिळतो. सुरा बाहेर निघताच हक्काची मर्यादा वाढते. त्या घटकेस बळ सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे. (आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना प्रत्येक गोष्टीची सीमान्त मात्रा मोजण्याची खोड असते, येथे ती निरुपयोगी.) दोन गट ठरवूनच भिडले असतील, तर मात्र सहसा कोणालाच बचावाचा आधार नसतो.

पुराव्याचा भारही वाटतो तितका जड नाही. आरोपीने केवळ संभाव्यता दाखवली तरी पुरते. १९६७ च्या मुन्शीराम निकालानुसार त्याने बचाव स्वतः मांडला नसला, तरी फिर्यादी पक्षाच्या पुराव्यातून तो दिसल्यास न्यायालय विचारात घेते. १९७६ च्या लक्ष्मी सिंग निकालात तर आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांचा खुलासा न करणाऱ्या फिर्यादी पक्षाकडे संशयाने पाहिले गेले.

खरा घोटाळा कायद्यात नसून त्याच्या आधीच्या पायरीवर होतो. जो पक्ष आधी ठाण्यात पोहोचतो त्याची फिर्याद मुख्य होते. दुसऱ्याच्या जखमांची वैद्यकीय नोंद उशिरा, त्रोटक किंवा मुळीच होत नाही. परस्परविरोधी फिर्यादींचे खटले एकाच न्यायाधीशाने लागोपाठ ऐकावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितले आहे. पण दुसरी बाजू कागदावर आलीच नाही, तर न्यायाधीशाने ऐकायचे काय? दोन्ही बाजूंच्या जखमींची तपासणी त्याच रात्री झाली पाहिजे, आणि ती न करणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी कारण घेतले गेले पाहिजे. यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

आंबोलीच्या खटल्याचा निकाल लागायला साडेचार वर्षे गेली. त्या रात्री एखाद्या वाटसरूने सुरेवाल्याला काठीने आडवे केले असते आणि तो मेला असता, तर कायद्याच्या पुस्तकात तो वाटसरू बहुधा निर्दोष होता. परंतु तसे न्यायालयाच्या तोंडून ऐकण्यासाठी त्याला किती वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले असते, आणि तोवर त्याची नोकरी राहिली असती काय?