जुनेर नेसून नोकरीला

"जुनेर" हा शब्द हल्ली फारसा ऐकू येत नाही. वापरून वापरून मऊ झालेली साडी म्हणजे जुनेर. बाळाची दुपटी त्याची व्हायची, गोधडी त्याचीच शिवायची, आणि उन्हाळ्यात नेसायला तर त्याच्यासारखं सुख नाही. पण हे सगळं घरात बरं का! बाहेर जाताना, त्यातून नोकरीवर जाताना जुनेर नेसायचं म्हणजे चारचौघांत नाचक्की. मला आज नेमकं या समजुतीविरुद्ध लिहायचं आहे. उन्हाळ्यात कामावर घालायला वापरलेलं, स्वस्तातलं सुती कापडच उत्तम, आणि ते घालणाऱ्या मुलीला कुणी त्यावरून मान खाली घालायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरातली काही मंडळी हे वाचून नाक मुरडतील. मुरडोत.

आत्ताच हे का सुचलं, तर ओळखीतली एक मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. शिक्षणसेवक म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन. २०२३ साली सरकारने ते वाढवलं, तेव्हा प्राथमिकचे ६,००० होते त्याचे १६,००० झाले. वाढले हे चांगलंच झालं. पण त्यातून खोलीचं भाडं, एसटीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे वजा करा आणि मग कपड्यांसाठी काय उरतं ते सांगा. विनाअनुदानित शाळेतल्या किंवा दुकानात, दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलींचा पगार तर कित्येकदा याहूनही कमी.

मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासनाचा निर्णय निघाला. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी घालावी, पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको. त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. शिक्षकाने नीटनेटकं असावं याबद्दल माझी तक्रार नाही, जन्मभर मी तेच केलं. पण कापड नवं असावं, असं त्या निर्णयात कुठेही नाही. नवं असावं हा नियम स्टाफरूमचा आहे! "कुठून गं घेतलास?", "मागच्या वर्षीचाच ना हा?" अशा दोन प्रश्नांत तो नियम लागू होतो, आणि मग सोळा हजारवाली मुलगी हप्त्याने कपडे घेते.

बरं, हप्त्याने घेते ते काय घेते? तर चकचकीत कृत्रिम धाग्याचा कुर्ता. दिसायला नवा, इस्त्री नको, रंग भडक. आणि आमच्या सोलापुरात एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर जातो! शाळा सकाळची असली तरी ही मुलगी घरी परतते भर उन्हात, एसटीच्या पत्र्याखाली. २०२५ साली तर वार्षिक परीक्षा एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत लांबल्या. अशा वेळी अंगावर काय आहे याला फार महत्त्व असतं. साधारण हवामानात शंभर ग्रॅम सुती कापड सात-आठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे घाम टिपायचं कामच ते करत नाही. अंगाला चिकटतं, काखेत काचतं, आणि संध्याकाळी पुरळ.

त्यातून नवं सुती म्हटलं तरी त्याला खळ असते, ते कडक असतं. पन्नास वेळा धुतलेल्या सुती कापडाला जो मऊपणा येतो तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. आणखी एक गोष्ट. जो कपडा आटायचा तो आटून झालेला असतो, रंग जायचा तो जाऊन झालेला असतो. पुढे फसवायला त्याच्याकडे काही उरत नाही!

मी १९७४ साली नोकरीला लागले तेव्हा शाळेसाठी माझ्याकडे चार साड्या होत्या. दोन आईच्या, एक मोठ्या वहिनींची, आणि एक नवी. तेव्हा नायलॉन, टेरिलिनची हवा होती आणि सुती साडी म्हणजे मागासलेपणा, असं बोललं जायचं. मी सुतीच नेसले. रविवारी भाताच्या पेजेची हलकी खळ, पांढरीला थोडी नीळ, वाळल्यावर नीट घडी घालून गादीखाली. मुलींना माझे धडे आठवतात की नाही देव जाणे, साड्या मात्र आठवतात, असं त्या भेटल्यावर सांगतात.

आता ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी. (मास्तरकीची खोड, दुसरं काय!)

पहिली, कापड ओळखणं. शिवणीच्या आतला एखादा धागा ओढून काडीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख भुरभुरीत होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. दुकानात काडी लावायला कोण देणार म्हणा, पण घरच्या कपाटातल्या साड्या अशा निवडता येतात.

दुसरी, वापरलेला कपडा उजेडाकडे धरून पाहावा. काख, कॉलर, बसायची जागा, एवढं विरलेलं नसेल तर घ्यावा. शिवणीत माया किती आहे ते उलटून पाहावं. माया असेल तर बाईच्या मापाने तो सैल करता येतो. बटणं नाहीत म्हणून सोडू नये, बटणं दहा-वीस रुपयांत येतात.

तिसरी, साडीचं गणित. साडी साडेपाच मीटर, कुर्त्याला साधारण अडीच मीटर लागतं. नवी असती तर दोन कुर्ते झाले असते. जुनी साडी विरते ती खालच्या काठाशी आणि खांद्यावर जिथे रोज पिन लागते तिथे. तेवढं वगळलं तरी एक कुर्ता आणि एक ओढणी हमखास निघते. फिका रंग पातळ वाटला तर आतून स्लिप घालावी किंवा दुसऱ्या जुनेराचं अस्तर लावावं. सलवारीचं कापड कटपीसच्या दुकानातून आणावं.

चौथी, जोड्या. मी मराठीची बाई, गणिताची नव्हे, तरी हे मला येतं. तीन कुर्ते, दोन सलवारी, दोन ओढण्या एकमेकांना शोभतील अशा निवडल्या तर बारा जोड्या होतात. आठवड्याला सहा दिवस धरले तर दोन आठवडे तीच जोडी परत येत नाही. सात कपड्यांत!

आता आक्षेपांकडे वळू. "कुणाचं कोण जाणे, अंगाला लागलेलं", हा पहिला. गरम पाण्यात साबण घालून भिजवा, खळखळून धुवा आणि मे महिन्याच्या उन्हात दिवसभर उलटा वाळत घाला. हॉटेलच्या गादीवर आपण निवांत झोपतो ना? ती चादर तरी कुणाकुणाच्या अंगाला लागलेली असते!

दुसरा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, पण खरा तोच आहे. जुने कपडे गरिबांनी घालायचे, ही आपली पक्की समजूत. वर्षानुवर्षं आपण बोहारणीला दारात बसवून दहा साड्यांना एक पातेलं म्हणून घासाघीस केली. ती ते ओझं डोक्यावर नेते, मग ते कपडे धुऊन, रफू करून बाजारात विकले जातात आणि कष्टकरी माणसं ते घालून कामावर जातात. त्यांना आपण कधी शाबासकी दिली? आता शहरातली शिकलेली मुलं इन्स्टाग्रामवर तेच विकतात, घेतात, त्याला "थ्रिफ्ट" म्हणतात, आणि आपण कौतुकाने मान डोलावतो. मुलं करतात ते चांगलंच आहे, माझी पुण्याची नातही त्यातली. पण इंग्रजी नाव लागल्यावर जी गोष्ट हौस ठरते, ती बिननावाची असताना लाज का ठरावी? पैसे असलेल्याने जुना कपडा घातला की आवड, नसलेल्याने घातला की परिस्थिती. हे मला मुळीच पटत नाही.

म्हणून मुख्याध्यापिका असलेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना एक विनंती. तुमच्या नव्या शिक्षिकेचा कुर्ता स्वच्छ आहे का, इस्त्री आहे का, एवढंच पाहा. तो कितव्यांदा घातला आहे हे मोजू नका, आणि तुमच्यासमोर कुणी मोजत असेल तर विषय बदला.

आणि नात्यातल्या बायकांनो, तुमच्या कपाटात चांगल्या सुती साड्या नुसत्या पडून आहेत, हे मला ठाऊक आहे. कुणाच्या ते लिहीत नाही! घरातली एखादी मुलगी नोकरीला लागली की त्यातल्या दोन काढा, धुवा, इस्त्री करा आणि तिला विचारून द्या. "जुनीच आहे, घालून टाक" असं म्हणून देऊ नका. "ही मला फार आवडायची, उन्हाळ्यात गार राहते, तुझ्या शाळेला होईल" असं म्हणा. कापड तेच असतं, पण घेणारीचा चेहरा वेगळा दिसतो.

मी माझ्या तीन काढून ठेवल्या आहेत. एक फिकट आकाशी, एक मोतिया, एक पांढरी बारीक बुट्ट्यांची. तुमच्याकडून किती निघतात, कळवा.