बोलण्याची तालीम

पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय महाराष्ट्रात २००० साली झाला. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. मधल्या काळात सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, शाळेच्या भिंतींवर टीव्ही लागले. तरीही ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी पाचवीची मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. आठवीतही हे प्रमाण २०२२ मध्ये ४६.७ टक्क्यांवरच होते. ही झाली वाचण्याची गोष्ट. बोलणे तर या पाहणीत मोजलेच जात नाही. आता डोळ्यांवर हेडसेट चढवून इंग्रजी शिकवण्याची, म्हणजे व्हीआरची, भाषा सुरू झाली आहे. शिकण्याची नवी साधने हे यंदाच्या दिवाळी अंकाचे सूत्र ठरल्यावर या साधनाकडे मराठवाड्यातल्या आपल्या लोहारा तालुक्यातून पाहणे आम्हाला अगत्याचे वाटले. व्हीआर आपल्या मुलांना उपयोगी पडू शकते, पण ते परदेश दाखवण्यासाठी नव्हे, बोलण्याची तालीम करून घेण्यासाठी आणले तरच, असे आमचे मत आहे.

आपल्या मुलांना इंग्रजीत उणीव आहे ती प्रसंगाची. घर, शेत, एसटी, आठवडी बाजार सगळीकडे मराठी चालते, आणि ते योग्यच आहे. याच मुलखाने परक्या भाषा शिकून दाखवल्या आहेत. निजामाच्या राजवटीत कचेरीचा कारभार उर्दूत चाले, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांना उर्दू आली. सीमेपलीकडच्या बाजारामुळे आणि सोयरिकींमुळे कानडी आली. व्याकरणाचे पुस्तक उघडण्याची गरज पडली नाही. समोर उत्तर देणारे माणूस होते आणि उत्तरावाचून काम अडत होते. दहा वर्षे इंग्रजी शिकणाऱ्या मुलीला मात्र शाळेत एकदाही असा प्रश्न विचारावा लागत नाही, ज्याच्या उत्तरावर तिचे काही अवलंबून आहे. शिवाय वर्गात चूक झाली की मुले हसतात. परभाषेच्या वर्गातली ही धास्ती शिकण्याच्या आड येते, हे अभ्यासक जुन्या काळापासून सांगत आले आहेत. इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ती मोजण्याची प्रश्नावलीच १९८६ मध्ये तयार केली. अनोळखी माणसाशी बोलण्याचा प्रसंग आणि चुकण्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी व्हीआर एकाच वेळी देऊ शकते.

नववीच्या वर्गातला एक तास डोळ्यांसमोर आणा. आजीला तपासायला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेले आहे, एवढाच प्रसंग. तिथे काय काय विचारावे लागेल, हे गुरुजी आधी मराठीतून मुलांकडूनच काढून घेतात: नंबर कधी लागेल, रिपोर्ट कुठे मिळेल, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर. ही वाक्ये इंग्रजीत फळ्यावर येतात. मग एक मुलगी हेडसेट चढवते. तिच्यापुढे खिडकी आहे, मागे रांग आहे, खिडकीतला माणूस घाईत ‘डेट ऑफ बर्थ?’ असे विचारतो. ती अडखळते, प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. या फेरीत भिंतीवरचा पडदा बंद असतो; तिची चूक कोणी पाहत नाही. दुसऱ्या फेरीत, तिची तयारी असेल तर, वर्ग ते दृश्य पाहतो आणि काय विचारायचे राहिले याची नोंद करतो. पाच-सात मिनिटांत हेडसेट खाली ठेवला जातो आणि उरलेल्या तासात जोड्या समोरासमोर बसून तोच संवाद करतात. हे सगळे यंत्राशिवाय, मुलांनाच भूमिका देऊन होणार नाही का? होईल, आणि व्हायलाच हवे. पण समोरचा मित्र मराठी जाणतो, उत्तरही त्याला ठाऊक असते. परका उच्चार, गलबला आणि घाई त्याला आणता येत नाही.

यंत्र चढवले की शिकणे आपोआप होते, हा समज मात्र पुराव्यापुढे टिकत नाही. जोसेलिन पॅराँग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये शरीरशास्त्राचा एकच धडा काही विद्यार्थ्यांना व्हीआरमधून आणि काहींना साध्या स्लाइडमधून शिकवला. व्हीआरवाल्यांना गोडी जास्त लागली, पण कळले जास्त ते स्लाइडवाल्यांना. मात्र धड्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर सारांश लिहायला लावला, तेव्हा व्हीआरवाल्यांचे शिकणे सुधारले. कॅनडातला अनुभव याहून जुना आहे. क्वेबेकमध्ये १९६५ पासून इंग्रजी घरांतली मुले सगळे विषय फ्रेंचमधून शिकू लागली. वर्षानुवर्षे फ्रेंच कानी पडूनही त्यांचे बोलणे सदोष राहिले. म्हणून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले की भाषा नुसती ऐकून पुरत नाही, ती बोलायला भाग पाडणारे काम हवे. तेव्हा लंडनचा पूल चहूबाजूंनी दाखवणारे व्हीआर म्हणजे फक्त मोठा टीव्ही. हेडसेटच्या आधीचा फळा आणि नंतरचा संवाद हाच खरा धडा आहे, आणि तो गुरुजींच्या हातात आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे उदाहरण हेच सांगते. तिथल्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांसाठी. परदेशातल्या वर्गांशी मुलांची गाठ घालून देणाऱ्या आभासी सहलीही त्यांनी घडवल्या. तंत्र सर्वांना उपलब्ध होते, ते वर्गाच्या गरजेला जुंपणारा शिक्षक तिथे होता. साधन परक्याच्या हाती राहिले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात गुलबर्ग्याच्या खेड्यांपर्यंत उपग्रहावरून टीव्ही आला. उपग्रह अमेरिकेचा होता, वर्ष संपले आणि तो गेला. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी आणलेल्या ‘एक्स्पिडिशन्स’ या व्हीआर सहली २०२१ मध्ये बंद केल्या. म्हणून हे प्रसंग बालभारतीसारख्या आपल्या संस्थेने तयार करावेत, आणि ते इंटरनेटविना चालावेत.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. एका शिक्षकाला दोन वर्ग सांभाळावे लागत असतील, तर पहिला पैसा शिक्षकासाठीच हवा. म्हणूनच प्रत्येक शाळेला संच द्या, असे आम्ही म्हणत नाही. केंद्रशाळेत चार-पाच हेडसेटचा एक संच असावा आणि तो पाळीपाळीने शाळांत फिरावा. वयाचा आक्षेपही मान्य करायला हवा. मेटा कंपनीने आपल्या हेडसेटसाठी आधी १३ वर्षे हे किमान वय ठेवले होते, २०२३ मध्ये ते दहावर आणले. आपण मात्र आठवीच्या खाली जाऊ नये. सर्वांत गंभीर आक्षेप मराठीच्या काळजीतून येतो. ज्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला निजामाच्या उर्दू कारभाराच्या काळात राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे मुख्याध्यापकी केली, त्या तालुक्याने ही काळजी हलकी मानू नये. पण वर सांगितलेल्या तासात विचार मराठीत होतो, प्रश्न मराठीत सुचतात, चुकीचा उलगडाही मराठीत होतो. इंग्रजी येत नाही या न्यूनगंडापायी मराठी शाळा सोडणाऱ्या पालकांना थांबवायचे, तर मराठी शाळेतच इंग्रजी नीट बोलायला शिकवणे हाच मार्ग आहे.

तालुक्यातल्या शिक्षकांनी, शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि बाहेरगावी स्थिरावलेल्या लोहारेकरांनी मिळून एका केंद्रात एक वर्ष हा प्रयोग करावा. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ताडून पाहावे. फरक पडला तर दुसऱ्या केंद्रात जावे. पडला नाही तर तेही जाहीरपणे सांगून पैसा दुसरीकडे वळवावा. आपल्या मुलांना बोलण्याचा प्रसंग देणे ही आपली जबाबदारी आहे आणि ती आणखी पाव शतक लांबवता येणार नाही.